गुणाजीने हीटर लावला

गोदाकाठच्या एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा ट्रक ड्रायव्हर होता. भोळा म्हणजे किती? एकदा मालकीणबाई वैतागून म्हणाल्या, "गुणाजी, जरा डोकं चालव." तो म्हणाला, "काकू, माझं लायसन ट्रकचं आहे."

या मालकीणबाई म्हणजे अनुसयाकाकू. गावातल्या चाळीस घरांचं दूध गोळा करून त्या रोज तालुक्याच्या डेअरीला पाठवत. त्यासाठी त्यांनी लिलावात एक जुना डिझेल ट्रक घेतला होता. ट्रक आधी बर्फाच्या मुलखात चाललेला. थंडीत इंजिन गारठू नये म्हणून त्याच्या पोटात हीटर बसवलेला, आणि त्या हीटरची लांबलचक वायर पुढच्या जाळीतून शेपटासारखी लोंबत असे. ती कशाला आहे, हे गुणाजीने कधी विचारलं नाही. वायरनेही सांगितलं नाही.

दिवाळी सरली आणि कडाक्याची थंडी पडली. पहाटे गुणाजीने चावी फिरवली. कट-कट-कट. परत फिरवली. कट-कट-कट. ऊन वर आल्यावर ट्रक चालू झाला, तोवर डेअरीचं फाटक बंद. सगळं दूध परत आलं.

गुणाजीने फाट्यावरच्या इस्माईलचाचा मिस्त्रींना फोन केला.

"अरे, हीटर आहे ना त्याला!" चाचा म्हणाले. "संध्याकाळी वायर लाव. पहाटे इंजिन गरम."

गुणाजीने संध्याकाळी वायर लावली. अंगणात वीतभर खड्डा खणला, वायरचं टोक आत ठेवलं, माती लोटली, वरून तांब्याभर पाणी घातलं. थोडं शेणखतही घातलं. कंजूषपणा त्याच्या स्वभावात नव्हता.

पहाटे कट-कट-कट. दूध परत. चाचा स्वतः आले.

"वायर लावलीस का?"

"लावली की."

"कुठे?"

"अंगणात. पण अजून फुटली नाही."

चाचा त्या आळ्यापाशी उकिडवे बसले. मग त्यांनी वायर उपटली, पुसली आणि गुणाजीच्या डोळ्यांसमोर धरली. "हे बघ. पिनेला दोन दांडे आहेत. शेजारी शेजारी दोन भोकं दिसली की त्यात घालायची. मग कितीही गारठलेलं असो, चालू होतं!"

"हे आधी सांगायचं ना, चाचा."

त्या संध्याकाळी गुणाजीने गोठ्याच्या भिंतीवर विजेचा बोर्ड शोधला. दोन भोकं होती. पिन घातली. बटण दाबलं. आणि खरंच, पहाटे चावी फिरवताच ट्रक धडधडला. गुणाजी इतका खूश झाला की तसाच निघाला. वायर काढायची, असं कुणी म्हणालं नव्हतं. भिंतीतला बोर्ड उपटून निघाला, पाठोपाठ गोठ्यातला दिवा, मग खांबावरची तार. अख्ख्या गावाची वीज गेली. लोकांनी ट्रक अडवला, तारा सोडवता सोडवता नऊ वाजले. दूध परत.

काकू कडाडल्या, "अरे, निघायच्या आधी सगळं सोडवावं की नाही?"

"चुकलं, काकू. उद्या सगळं सोडवतो."

संध्याकाळपर्यंत वीज आली, बोर्डही परत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने वायर सोडवली. कॅनच्या दोऱ्या सोडवल्या. मागचा फाळका सोडवला. काकूंची म्हैसही सोडवली. पहिल्याच चढाला कॅन एकामागून एक उतरले आणि गडगडत गावात परत आले. वेशीवरची कुत्री दोन दिवस जेवली नाहीत, इतकं दूध प्यायली.

आता काकू ओरडल्याही नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "गुणाजी, चाळीस घरं या दुधावर जगतात रे. हे बघ. मागे काही चढलं, की दोरीने आवळायचं. वर ओलं पोतं टाकायचं. कितीही आवाज करो, पोचेपर्यंत सोडायचं नाही."

काकूंच्या डोळ्यांत पाणी बघून गुणाजीला वाईट वाटलं. हे शब्द तो रात्रभर घोकत राहिला.

सकाळी अंधारातच डेअरीचे कुलथेसाहेब मोटारसायकलवरून हजर झाले. काकूंना म्हणाले, "बाई, आज मी स्वतः गाडीबरोबर जाणार. वेळेवर पोचली तर ठीक, नाहीतर तुमच्या गावचं दूध कायमचं बंद."

काकू त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या. साहेब कॅन मोजायला ट्रकच्या मागे चढले.

गुणाजीने बघितलं. चढलं.

त्याने साहेबांना दोन कॅनच्या मधे बसवलं आणि दोरीने आवळलं.

"अरे, हे काय करतोस? सोड मला!"

"पोचल्यावर, साहेब."

वर ओलं पोतं टाकलं. हीटरची वायर आठवणीने सोडवली, जाळीला गुंडाळली, चावी फिरवली. ट्रक एका दमात चालू! मागून आवाज येत होता, पण आवाजाचं काय करायचं ते गुणाजीला पाठ होतं. काकू चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा अंगणात फक्त मोटारसायकल होती.

त्या दिवशी ट्रक फाटक उघडायच्या आत पोचला. एक थेंब सांडला नाही. हमालांनी कॅन उतरवले, दूध मापून आत गेलं. गुणाजीला आभाळ ठेंगणं झालं. मग त्याने साहेबांना सोडवून ट्रकपुढे उभं केलं.

साहेब गारठून लाकूड झाले होते. मिशीवर दव. बोलायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. नुसते दात वाजले. कट-कट-कट.

गुणाजीने कान दिला. आवाज ओळखीचा होता.

"घाबरू नका, साहेब," तो प्रेमाने म्हणाला. त्याने जाळीची वायर सोडली, पिन हातात घेतली आणि साहेबांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. दोन भोकं. शेजारी शेजारी. मिशीच्या बरोबर वर.

पिन नाकाजवळ आली आणि साहेबांनी अशी धूम ठोकली की फाटक, कुंपण, ऊस, काही बघितलं नाही.

गुणाजीने लगेच चाचांना फोन लावला.

"चाचा, हीटर एक नंबर आहे! साहेबांना नुसती पिन दाखवली, बटणसुद्धा दाबलं नाही, तर एका दमात चालू झाले. आता एवढंच सांगा, बंद कसे करायचे?"