जोडीदारणीला जागेवर पोचवणारा राजा

एका राज्यात तळी होती हजार, आणि माणसांहून झाडं फार. राजाचं नाव तारमो, राणीचं आइला. तिथं राजवाड्याच्या दालनात बायका नि गडी जोडीजोडीनं गिरक्या घेत; व्हायोलिन वाजे, भात्याची हातपेटी वाजे. रीत एकच. गाणं संपलं की जोडीदारणीला हाताला धरून तिच्या जागेवर पोचवायचं, आभार मानायचे, मगच आपण बसायचं.

एकदा बायकांनी जोडीदार निवडायची पाळी आली. फाटक्या शालीतली एक म्हातारी उठली नि थेट राजापुढे उभी राहिली. राजा नाचला. पण गाणं संपताच तिला दालनाच्या मधोमध सोडून सिंहासनावर जाऊन बसला. त्या शालीची लाज वाटली, दुसरं काय!

म्हातारी होती जादूगारीण. म्हणाली, "मला उभी ठेवलीस, तुझी राणीही तशीच राहील."

राणी बर्फाची झाली. वाद्यं मुकी झाली.

खिडकीतून एक राजहंस बोलला, "राजा, गोठलेली तळी वितळतील तेव्हा राणीही वितळून पाणी होईल. त्याआधी तीन कामं कर. व्हायोलिनचा सूर तळ्याच्या तळाशी गेलाय, तो आण. हातपेटीचा श्वास वाऱ्याच्या राक्षसानं गिळलाय, तो सोडव. तिसरं काम तुझं तुला उमगेल."

राजानं बर्फ फोडून बुडी मारली, सूर मुठीत आणला. राक्षसाला गुदगुल्या केल्या. तो खदखदून हसला, श्वास सुटला. वाद्यं वाजू लागली. राणी मात्र हलेना. उलट तिच्या बोटांवरून पाणी ठिबकू लागलं.

राजा घाबरून वळला. म्हातारी अजून मधोमध उभीच! कुणी पोचवल्याशिवाय बिचारी जाणार कशी?

त्यानं हात पुढे केला. पण तिची जागा कुठली? त्यानं पाहिलीच नव्हती.

"आजीबाई, आपण कुठं बसला होतात?"

"आत्ता विचारतोस होय? राज्य चालवतोस की झोपा काढतोस?"

"चुकलो. सांगा."

"दाराशी, गवळणींच्या बाकावर."

अख्ख्या दरबारासमोर राजा तिच्या संथ पावलांनी चालला. तिला बाकावर बसवलं, कमरेत वाकला. "आपण माझ्याबरोबर नाचलात, उपकार झाले."

"गिरकी बरी घेतोस रे," म्हातारी म्हणाली, आणि शालीनं डोळे पुसले.

तिकडे राणीनं श्वास घेतला. गाल लाल झाले. "महाराज, हात द्या. पाय आखडलेत माझे, नाचल्याशिवाय सुटायचे नाहीत."

राजा धावत आला. त्यानं तो ऊबदार हात घट्ट धरला.

त्यांच्या दालनात सूर परतला, तसा ऐकणाऱ्यांच्या घरीही नांदो.