पुढे झुकलेला शब्द

"अजून किती तिरकं करू, अण्णा?"

सारंगने कागद पुन्हा पुढे केला. त्यावर हातभर लांब एकच शब्द होता, रुग्णवाहिका. घाटातल्या गावांसाठी नवी गाडी आली होती. तिच्यावरचं नाव सारंगने घडवलेल्या फॉन्टमध्ये रंगवायचं ठरलं होतं. अट एकच होती, अण्णा आर्त्यांनी हो म्हणायला हवं.

अण्णांनी सारी हयात चित्रशाळेत अक्षरं शिकवली होती. सारंगलाही त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"पडतंय."

"काय पडतंय?"

"शब्द."

सारंग चिडला. त्याची अक्षरं रुंद होती, सगळ्या रेषा एका जाडीच्या, कुठे नखरा नाही, आणि सगळी पुढे झुकलेली. बुटांच्या जाहिरातीत ती गाजली होती, कबड्डीच्या जर्सीवर गाजली होती. फॉन्टपेक्षा सारंगच जास्त मिरवत होता, हे सांगायलाच हवं.

"अण्णा, आधीची गाडी घाटात अडकून पडायची. कुणी बाजूलाच होत नव्हतं. म्हणून तर एवढं तिरकं केलंय, एवढं ठासून भरलंय. वेग दिसायला नको?"

"हं..."

अण्णा उठून अंगणाच्या मधोमध गेले. पाय जुळवले, हात अंगाशी धरले आणि ताठच्या ताठ पुढे झुकू लागले... झुकतच राहिले.

"अण्णा!"

सारंग धावला. वाटेतला चहाचा कप लवंडला. म्हातारा जमिनीला लागायच्या आत त्याने दोन्ही हातांनी धरला.

"या वयात हे काय चालवलंय? हाड मोडलं असतं!"

"तू होतास की." अण्णा त्याच्या हातांतच हसत होते. "मी झुकलो तर पडलो. तूही झुकूनच आलास. तू का नाही पडलास?"

"मी... पाय टाकला पुढे."

"कुठे?"

"समोर. जागा होती तिथे."

अण्णा त्याच्या हातांतून सुटले. जाऊन स्टुलावर बसले.

सारंग कागदाकडे बघत राहिला. अक्षरं एकमेकांच्या पाठीवर चढली होती. पाय टाकायला कुणालाच जागा नव्हती. त्याला लाज वाटली, आणि लगेच हुरूपही आला.

त्याने झुकाव कमी केला. अक्षरांची उंची उतरवली, त्यांना रुंदीत सैल सोडलं, प्रत्येकापुढे थोडं मोकळं ठेवलं. शिरोरेषा मात्र सरळच राहू दिली.

ऊन उतरलं तेव्हा त्याने नवा कागद फाटकाला टेकवून उभा केला आणि समोर येऊन उभा राहिला.

अण्णा बघत राहिले... मग लगबगीने उठले, आपलं स्टूल उचललं आणि भिंतीला अंग चिकटवून उभे राहिले.

सारंगला काही कळेना.

"काय झालं, अण्णा? जमलंय का?"

"आधी बाजूला हो, पोरा. तिकडे घाटात कुणीतरी गाडीची वाट बघतंय."