तिसरे वाचन

फार पूर्वी इक्षुमती नदीच्या काठी कुशावट नावाच्या नगरात धृतिसेन हा गणाध्यक्ष कारभार पाहत असताना, बोधिसत्त्व तिथल्या एका मध्यम घराण्यात जन्मला होता. त्याचे नाव पूर्णभद्र. कुशावटात वंशपरंपरेचा राजा नव्हता. नगरातल्या घराण्यांचे एकाहत्तर सभासद सभागृहात बसत आणि राज्य चालवीत. पूर्णभद्र त्यांच्यापैकी एक होता.

सुगी संपली की वर्षाच्या उत्पन्नाची विभागणी ठरवण्यासाठी सभा भरे. कोठाराला किती, पहाऱ्याला किती, रस्त्यांना किती, असा एकच ठराव मांडला जाई. सभेचा वाचक तो तीनदा वाचून दाखवी. ज्याला मान्य असेल त्याने गप्प बसावे, ज्याला हरकत असेल त्याने तिसरे वाचन संपायच्या आत उभे राहावे, असा नियम होता. तिसरे वाचन संपले की ठराव मंजूर, आणि मग वर्षभर त्यातला दाणाही इकडचा तिकडे करता येत नसे.

नियम चांगला होता. पण चांगल्या नियमाचीही माणसांना सवय होते. ठराव संपल्यावर सभासदांना गणाकडून जेवण असे, आणि पाकशाळा सभागृहाला लागूनच होती. दुसऱ्या वाचनापर्यंत तुपाचा वास आत येई. मग कोणी उभा राहिला तर शेजारचा त्याचे उपरणे धरून खाली ओढी. हळूहळू न बोलणे हेच शहाणपण ठरले. वाचकही समजूतदार झाला. तो मोठमोठ्या बाबी वाची आणि शेवटी म्हणे, "शेष सर्व गतवर्षाप्रमाणे."

त्या वर्षी सभेच्या दिवशी सकाळी चंपा नावाची कुंभारीण पूर्णभद्राच्या दारी आली. नदीच्या बांधाखाली कुंभारांची साठ घरे होती. तिथल्या लोकांना सभेत जागा नव्हती. त्यांचे गाऱ्हाणे पूर्णभद्राच्या घराण्याने मांडावे, असा जुना रिवाज होता.

"आर्य, बांधाला खेकड्यांनी बिळं पाडलीत," चंपा म्हणाली. "माझ्या भट्टीची जमीन ओली लागतेय. आत्ता नदी तळाला गेलीय, तरी ही गत. पाणी चढलं की आम्ही कुठं जायचं?"

"डागडुजीला दरवर्षी काहीतरी ठेवतातच," पूर्णभद्र म्हणाला.

"किती ठेवतात?"

 बारा वर्षे पूर्णभद्र त्या सभेत बसत होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मला ठाऊक नाही, बाई. आज ऐकून सांगतो."

"ऐकून सांगू नका. बोलून सांगा," चंपा म्हणाली आणि निघून गेली.

सभा भरली. वाचकाने पहिले वाचन केले. पूर्णभद्र कान देऊन ऐकत होता. त्यात त्याच्या घराण्याच्या जुन्या घाटाला नव्या पायऱ्या बांधून देण्याची बाब होती. त्याचे काका रेवत यांनी त्यासाठी तीन वर्षे सभासदांच्या घरी खेटे घातले होते. बाब ऐकताच त्यांनी पुतण्याकडे पाहून मिशीवर हात फिरवला. बांधाचे नाव मात्र आले नाही. दुसऱ्या वाचनातही आले नाही.

तेव्हा पूर्णभद्राला आठवले. दोन वर्षांपूर्वी सगळा बांध नव्याने उभारला होता. म्हणून गतवर्षी डागडुजीला काहीच ठेवले नव्हते, आणि ते रास्तही होते. पण यंदा 'गतवर्षाप्रमाणे' म्हणजे पुन्हा काहीच नाही. कोणाच्या मनात वाईट नव्हते, कोणी काही लपवले नव्हते. तरीही साठ घरे पाण्यात जाणार होती.

वाचकाने तिसऱ्या वाचनाला सुरुवात केली. पूर्णभद्राला कळत होते की हरकत घेतली की सबंध ठराव पडेल आणि त्याबरोबर काकांचा घाटही. शिवाय पुढच्या महिन्यात कोठाराध्यक्षाची निवड होती आणि त्याचेच नाव सगळ्यांच्या तोंडी होते. जेवणाच्या वेळी आडवा येणाऱ्या माणसाला कोण निवडून देतो? खोटे कशाला सांगावे, गप्प बसावे असे त्यालाही वाटले. बोधिसत्त्व असला तरी तो माणसाच्या देहात होता. "शेष सर्व" एवढे शब्द वाचकाच्या तोंडून निघाले आणि तो उभा राहिला.

"गणाध्यक्ष महाराज, एक विचारायचे आहे. गतवर्षी नदीच्या बांधाला किती ठेवले होते?"

सभेत चुळबुळ झाली. मागून कोणीतरी म्हणाले, "झालं! आता भात निवणार."

धृतिसेनाने वाचकाकडे पाहिले. वाचकाने गतवर्षीची ताडपत्रे उलगडली, बोट फिरवले, पुन्हा फिरवले आणि खाली मान घालून म्हणाला, "काहीच नाही, महाराज."

"म्हणजे यंदाही काहीच नाही," पूर्णभद्र म्हणाला. "बांधाला खेकड्यांची बिळे पडली आहेत. दोष वाचकाचा नाही. 'शेष सर्व गतवर्षाप्रमाणे' हे शब्द ऐकताना दरवर्षी मीही गप्प होतो. आज सकाळी एका कुंभारणीने विचारले तेव्हा मला कळले, की मी बारा वर्षे न ऐकताच मान्य करीत आलो आहे."

कोणी हसले नाही. धृतिसेन शांतपणे म्हणाला, "हरकत योग्य आहे. ठराव पडला. पण कोठारात जेवढे आहे तेवढेच आहे. बांधाला द्यायचे तर कोणाचे काढायचे, तेही तूच सांग."

"आमच्या घाटाचे काढा."

रेवतकाका ताडकन उठले. "तीन वर्षं चपला झिजवल्या मी! तुझ्या बापाचा घाट आहे का तो एकट्याचा?"

"नाही, काका. म्हणून तर सभेला विचारतो आहे."

मग मत घेण्यासाठी शलाका, म्हणजे रंगवलेल्या काड्या, वाटल्या गेल्या. नव्या ठरावाला अनुकूल असणाऱ्याने पांढरी काडी उचलायची, प्रतिकूल असणाऱ्याने काळी. काड्या वाटणारा वृद्ध एकेका सभासदापुढे थांबत गेला. तो रेवतकाकांपुढे आला तेव्हा पूर्णभद्राने मान वळवली. काकांनी काळ्या काडीला हात लावला, मग हात मागे घेतला.

"आण इकडे ती पांढरी," ते चिडून म्हणाले. "घाट बुडालाच आहे, निदान कुंभार तरी वाचू देत. उद्या मडकी कोण देणार?"

एकसष्ट काड्या पांढऱ्या निघाल्या. पूर्णभद्र आपल्या जागी बसला. नवा ठराव तीनदा वाचला गेला. त्यात प्रत्येक बाब नाव घेऊन आली. भात खरोखरच निवला होता. सगळ्यांनी तो निमूटपणे खाल्ला, रेवतकाकांनी तर दोनदा वाढून घेतला.

पुढच्या महिन्यात कोठाराध्यक्ष म्हणून दुसराच कोणी निवडला गेला. बांधाची बिळे चिकणमातीने ठोकून भरली गेली. त्या वर्षी इक्षुमतीला कोणी पाहिला नव्हता एवढा पूर आला. तीन दिवस पाणी बांधाच्या माथ्याशी खेळत राहिले. चौथ्या दिवशी ते उतरले. चंपा भट्टीपाशी गेली, वाकून जमिनीला तळवा लावला, आणि जमीन कोरडी आहे हे कळल्यावर तिथेच बसून पोटभर रडली. मग उठून तिने भट्टी पेटवली.

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे संघाच्या गुरूंनी, समोर बसलेल्या भिक्षूंकडे पाहिले. त्याच सकाळी संघाच्या सभेत एक प्रस्ताव कोणी नीट न ऐकताच संमत झाला होता, म्हणून त्यांनी ही कथा सांगितली होती. ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा गणाध्यक्ष म्हणजे आजचा स्थविर सुदंत. वाचक म्हणजे आज प्रस्ताव वाचणारा भिक्षू मेघिल. चिडूनही पांढरी काडी उचलणारे रेवतकाका म्हणजे तुमचा भांडारपाल कपोत, जो आजही आधी नाही म्हणतो आणि मग दुप्पट देतो. कुंभारीण चंपा म्हणजे भिक्षुणी शीलवती. आणि बारा वर्षे गप्प बसून मग उभा राहिलेला पूर्णभद्र म्हणजे मीच."

मेघिल लाजून हसला, आणि त्याला हसताना पाहून सगळ्यांनाच हायसे वाटले.

"असे उभे राहण्याच्या गुणाला वीर्य, म्हणजे मनाचा पराक्रम, म्हणतात," शास्ते म्हणाले. "लोक त्याला रणांगणात शोधतात. पण सगळे गप्प बसलेले असताना, आपलेच नुकसान दिसत असताना, ज्याला त्या जागी बोलता येत नाही त्याच्यासाठी उभे राहायला तेच वीर्य लागते."