दुधातल्या दशम्या

“आणि वाटेत कुणी खायला दिलं तर?” बाबांनी विचारलं.

“घ्यायचं,” खळदकर सर म्हणाले.

“कुणीही दिलं तरी?”

“कुणीही. जात विचारायची नाही, गोत विचारायचं नाही. शिळं असो, खारट असो, नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की परिक्रमा मोडली.”

“पाठ आहे तर.”

“उभा जन्म पोरांकडून पाठ करून घेण्यात गेलाय, बाबा.”

शंभूगिरी बाबा खिडकीबाहेर बघत हसले. पुणं मागे पडलं होतं. उसाच्या फडांवर ऊन उतरत होतं. गाडी पहाटे खंडव्याला पोचायची होती, तिथून ओंकारेश्वर, आणि तिथून पुढे सगळं पायी. नर्मदामाई उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, आणि तिला पुरता वळसा घालून जिथून निघालो तिथेच परत यायचं.

बाबांनी तो वळसा तीनदा घातला होता. आता गुडघे गेले होते. म्हणून शिष्याला घाटापर्यंत सोडायचं आणि परत फिरायचं, एवढंच ते करत. निघताना शिष्याच्या डोक्यावर हात ठेवत. तो हात पडला की काठी उचलायची. नाही पडला तर मुकाट घरी जायचं. मागे एकदोघांना त्यांनी असं घाटावरून परत पाठवलं होतं. का, ते त्या एकदोघांनाच ठाऊक.

सरांना ती धास्ती नव्हती. त्यांच्यासारखा नेमाचा माणूस शोधून सापडला नसता. दोन वर्षं ते बाबांच्या मागे लागले होते, तेव्हा कुठे बाबा ‘बघू’ म्हणाले होते. मग शाळेत निरोप समारंभ झाला, शाल झाली, श्रीफळ झालं. स्टेशनवर गल्लीतली माणसं हार घेऊन आली. इतका वाजतगाजत निघालेला माणूस अर्ध्यातून परत आला तर त्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

“घरच्या सगळ्यांना विचारून निघालास ना, मास्तर?”

‘मास्तर’ हा शब्द सरांना लागायचा. बाबांचा म्हणून ते सोसत.

“बायको, मुलगा, सून. सगळ्यांना.”

“भावंडं?”

“नाहीत.”

“एकही नाही?”

“एक बहीण होती… गेली.”

“कधी?”

“फार वर्षं झाली.”

बाबांनी हात जोडले. “नाव काय होतं?”

सरांना तो प्रश्न आवडला नाही. “नलिनी,” ते म्हणाले, आणि पिशवीचे बंद उगाचच आवळू लागले.

नलू गेली होती हे खरंच. पण गेली होती ती नगरला, एका एस.टी. कंडक्टरचा हात धरून. माणूस सज्जन होता, निर्व्यसनी होता, फक्त जातीचा नव्हता. वडील ओसरीवर डोकं धरून बसले, एक शब्द बोलले नाहीत. बोलले ते सरच. विहिरीवर जाऊन सरांनी तिच्या नावाने आंघोळ केली आणि ओलेत्यानं अंगणात उभं राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, आमची नली मेली. पुढे वडील वारले तेव्हा ती दारापर्यंत आली होती. सरांनी आतून कडी काढली नाही.

एवढं केल्यावर मेलेलं माणूस मेलेलंच राहायला हवं. पण नलूला लहानपणापासून सांगितलेलं कळायचंच नाही.

बाहेर दिवे लागायला लागले. नगर जवळ आलं. आणि सरांना एकदम आठवलं, स्टेशनवर निघताना बायको दबकत म्हणाली होती, “नगरला खिडकीत बसा हं जरा.” तेव्हा हारांच्या गडबडीत त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

ते उठले. “जरा आडवा होतो, बाबा.”

“आत्ताच?”

“उद्यापासून चालायचंय.”

वरच्या बर्थवर चढून त्यांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली. सर उंच, बर्थ आखूड. डोकं झाकलं की पाय उघडे पडत होते. उजवं पाऊल तर पार बोळात लोंबत राहिलं.

गाडी थांबली. चहावाले ओरडू लागले. त्या गलक्यात खिडकी-खिडकीशी थबकत एक आवाज पुढे पुढे येत होता.

“अण्णा… ए अण्णा…”

आवाज जाडा झाला होता. पण ‘अण्णा’ म्हणताना शेवटी जरा वर चढायचा, तो तसाच चढत होता. सरांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

आवाज खिडकीवरून दाराकडे गेला. दारातून आत आला. बोळातून आला, आणि त्यांच्या पायाशी थांबला.

“खळदकर म्हणून आहेत का हो इथं? परिक्रमेला चाललेत…”

“वर,” बाबा म्हणाले.

“झोपलाय?”

बाबा काही बोलले नाहीत.

मग सरांच्या लोंबत्या पावलाला हात लागला. खरबरीत, गार हात. त्यामागून कपाळ टेकलं. तिला वाकावंसुद्धा लागलं नाही, पाऊल बरोबर तिच्या कपाळाएवढ्या उंचीवर होतं. सरांच्या पायाचा अंगठा आपसूक आत मिटला. त्यांनी तो तिथेच आवळून धरला, श्वास रोखला, आणि दिसलं नसेल, अशी मनाची समजूत घातली.

“उठवतो मी,” बाबा म्हणाले.

“नको, नको. झोपू द्या त्याला.” ती घाईघाईनं बोलली. “एवढा डबा ठेवा त्याच्यासाठी. दशम्या आहेत. त्याला सांगा, दुधातच भिजवल्यात म्हणावं. पाण्याचं बोट लागू दिलेलं नाही मी. तेव्हा माझ्या हातच्या असल्या तरी… चालतील त्याला.”

“सांगतो. पण बोलायचं होतं ना तुला?”

शिटी झाली. गाडीला हिसका बसला.

“पायाला हात लागला,” ती म्हणाली. “पुष्कळ झालं.”

चपला फटफटत दाराकडे गेल्या. गाडी हलली. गावाचे दिवे संपेपर्यंत सर चादरीत तसेच पडून राहिले.

बऱ्याच वेळानं खाली डबा उघडल्याचा आवाज झाला. दशम्यांचा वास वर आला, तूप आणि शेंगदाण्याची चटणी. त्यांची आई प्रवासाला निघणाऱ्याला अशाच बांधून द्यायची. दुधातलं पीठ, त्याला विटाळ नाही, वाटेत कुठेही सोडून खावं.

“मास्तर, ये खाली. जेव.”

“भूक नाही, बाबा.”

“कुणी दिलं ते विचारलं नाहीस.”

“…कुणी दिलं?”

“नाव नाही सांगितलं तिनं.”

बाबांनी एक दशमी खाल्ली, हात धुतले आणि डब्याला झाकण लावून तो उशाशी घेतला.

पहाटे खंडवा आलं. तिथून मोटारीनं दोघं ओंकारेश्वरला पोचले. घाटावर गर्दी नव्हती. आठदहा परिक्रमावासी पांढरे कपडे घालून संकल्पाच्या तयारीत होते. पाणी हिरवंगार आणि शांत होतं. सरांचं मन भरून आलं. इतकी वर्षं ज्याचा ध्यास घेतला ते समोर होतं.

पायरीवर बसून त्यांनी बूट काढले, मोजे काढले. उजव्या तळव्यावर लाल डाग होता. कुंकवाचा.

त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा नदीकडे बघत होते. सरांनी मूठभर वाळू घेतली आणि तळवा घासला. कुंकू चिवट असतं. तळव्याची आग होईपर्यंत ते घासत राहिले.

“निघालं?” बाबांनी नदीकडे बघतच विचारलं.

सरांचे कान तापले. “हो.”

आंघोळ झाली. धूतवस्त्र नेसून सर बाबांपुढे येऊन बसले. बाबांनी पिशवीतून डबा काढला, उघडला आणि त्यांच्यापुढे ठेवला. दशम्या रात्रीत वातड झाल्या होत्या.

“खा. मग उचल काठी.”

सरांचा हात मांडीवरून उठलाच नाही.

“एक घास खा, मास्तर. मी हात ठेवतो डोक्यावर. जा मग सुखानं.”

एका घासाचा तर प्रश्न होता. कुणी ओळखीचं बघत नव्हतं. पण तो घास खाल्ला असता तर विहिरीवरची ती आंघोळ खोटी ठरली असती, अंगणातलं ते ओरडणं खोटं ठरलं असतं, आणि वडील गेले त्या दिवशी न काढलेली कडी… ती तर सरांनी आजवर कधी मनातही आणली नव्हती. सरांना भीती वाटली. आणि भ्यालेला विद्वान माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. नियम काढला.

“बाबा, संकल्प अजून सुटायचाय.”

“मग?”

“संकल्प सोडला की परिक्रमा सुरू. त्यानंतर कुणीही काहीही दिलं तरी मी खाईन. शब्द देतो. हे… हे त्याच्या आधीचं आहे.”



“नियमात बसतं हे,” बाबा म्हणाले.

“बसतं ना?”

“अगदी चोख बसतं.”

बाबांनी डब्याला झाकण लावलं. सरांचा जीव भांड्यात पडला. ते लगबगीनं पाण्यात उतरले, ओंजळ भरली, गोत्र उच्चारलं, नाव उच्चारलं, एक अक्षर न चुकता संकल्प म्हटला आणि ओंजळ सोडली. शेजारच्या माणसांनी “नर्मदे हर!” केलं. सरांनीही केलं, सगळ्यांहून मोठ्यानं. मग पिशवी पाठीला लावली, काठी घेतली आणि डोकं पुढे करायला ते वळले.

बाबा पायरीवर आडवे झाले होते. अंगावरची छाटी त्यांनी डोक्यावरून ओढून घेतली होती. उघडी होती ती फक्त पावलं, भेगाळलेली, काळी.

“बाबा…”

छाटी हलली नाही.

“बाबा, संकल्प सोडला. निघतोय मी.”



इतर परिक्रमावासी उठले. झोळ्या खांद्याला लावून एकेक जण काठाकाठानं चालू लागला. कुणीतरी सरांना हाक मारली, “चला बाबाजी!” सरांनी हातानं ‘आलोच’ अशी खूण केली. माणसं वळणाआड गेली. घाट मोकळा झाला.

सरांनी काठी खाली ठेवली. पायऱ्यांवर गुडघे टेकले आणि बाबांच्या पावलांवर हात ठेवला, मग कपाळ ठेवलं.

“बाबा, एवढं करू नका… मी लांबून आलोय हो.”

आणि त्यांच्या डोळ्यांसमोर बाबांच्या पायाचा अंगठा आत मिटला. मिटला आणि तसाच आवळलेला राहिला.

सर बघत राहिले. झोपलेल्या माणसाचा अंगठा असा मिटत नाही. कुणीही ओळखलं असतं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिच्या तर रात्री सरांचा अंगठा कपाळापाशी होता.

तिनं बघितलं होतं. बघूनही म्हणाली होती, झोपू द्या त्याला.

सरांच्या घशातून जो आवाज निघाला तो त्यांनी स्वतःसुद्धा कधी ऐकलेला नव्हता. दोन्ही हातांनी त्यांनी ती पावलं गच्च धरली.

“बाबा, उठा… एकदा बघा तरी माझ्याकडे. एक शब्द बोला.”

छाटीच्या आतून बाबांचा आवाज आला, अगदी जागा.

“पायाला हात लागला ना… पुष्कळ झालं.”