झऱ्याचे सुटलेले मणी

सोनकीच्या घरी एक जातं, एक आई आणि एक रिकामा हंडा. बाकी नुसता वारा. रानातला झरा एकाएकी नाहीसा झाला, चिखलसुद्धा उरला नाही. आई तापानं फणफणलेली. "पाणी गं, पोरी," एवढंच म्हणे.

भर दुपारी सोनकी हंडा घेऊन झऱ्यावर गेली. पाखरू बोलेना, पान हलेना. कोरड्या दगडावर परी बसलेली. मोरपंखी पंख, चांदीचा झगा. पण सावली? सावलीच नव्हती, बाळांनो.

"परीबाई, माझ्या आईला घोटभर पाणी द्या."

"पाणी इथंच आहे गं. सुटून पडलंय. बघ."

परीनं तिच्या पापण्यांवर फुंकर घातली आणि सोनकीच्या अंगावर काटा आला. जिकडेतिकडे इवलेइवले जीव हुंदके देत भटकत होते. निळ्या चिमुकल्यांजवळ एकेकच चमचमता मणी, तांबूस थोरल्यांजवळ सहा-सहा. चिमुकले म्हणत, "अजून एक हवा!" थोरले म्हणत, "अजून दोन हवेत!"

"यांना जोड, पाणी मिळेल," परी म्हणाली. "पण एकाचा मणी काढून दुसऱ्याला द्यायचा नाही. चुकलीस, तर तुझ्या सावलीतलं थोडं माझं."

एक थोरला फारच रडत होता. सोनकीला राहवेना. तिनं एका चिमुकल्याचा मणी उचलून त्याला दिला. चिमुकला विझला, उरली नुसती किंकाळी. सोनकीनं खाली पाहिलं. तिच्या सावलीचा उजवा हात गेला होता!

तिनं मणी परत केला, तसा चिमुकला पुन्हा उजळला. ती खाली बसली. त्या थोट्या सावलीकडे बघताबघता तिला जातं आठवलं. खुंटा एक, हात दोघींचे. आई कधी म्हणाली का, खुंटा माझा?

"अरे, द्यायचा नाही, सोडायचाही नाही!" ती ओरडली. "थोरल्या, तू तुझा एक पुढं कर, चिमुकल्या, तू तुझा. दोन्ही मधे ठेवा आणि दोघं मिळून धरा, जात्याच्या खुंट्यासारखे!"

"मग माझे किती?" थोरला गुरगुरला.

"धरलेले सगळे तुझे. अन् त्याचेही."

थोरल्यानं एका अंगाला एक चिमुकला धरला, दुसऱ्या अंगाला दुसरा. मोजलं, आठ! चिमुकल्यांनी मोजलं, दोन-दोन! हुंदके थांबले. टप्! एक थेंब पडला. मग रानभर झुळझुळ.

"हा झरा आता कधी आटायचा नाही," परी म्हणाली.

"आणि माझ्या सावलीचा हात?"

"मलाही थोडी सावली नको का गं?" परी हसली आणि लख्ख उजेडात विरून गेली. दगडावर एक काळा चिमुकला हात तेवढा क्षणभर हलला.

आई पाणी प्याली, ताप उतरला. दोघी दळायला बसल्या. भिंतीवर दोघींची सावली पडली, तर खुंट्यावर हात एकच!

"अगं बाई, हा कुणाचा?" आई दचकली.

"दोघींचा," सोनकी म्हणाली.

पीठ पडलं, जातं थांबलं, गोष्ट सुपात.