उतारावरची रिकामी पाठ

सह्याद्रीच्या एका उतारावरच्या जंगलात, जुन्या जांभळाच्या ढोलीत, एक खार राहत असे. बालमित्रांनो, खारीचा एक नेम असतो. खाऊन उरेल ते ती जमिनीत पुरते. पुरलेली बी रुजते, तिचे झाड होते, आणि खारीला वाटते, जमीन सगळे सांभाळून घेते.

या जंगलात एक कोल्हा उन्हावर चालणारे दिवे विकायला येत असे. घाटाखालच्या कारखान्यात माकडे ते दिवे बनवत, कोल्हा गाढवावर लादून वर आणी आणि मधाच्या बदल्यात देई. दिवे मोठे गुणी होते. दिवसभर ऊन प्यायचे, रात्रभर उजळायचे. ढोलीच्या तोंडाशी दिवा असला की साप पिलांकडे फिरकत नसे. म्हणून खारीनेच झाडोझाडी जाऊन सगळ्यांना दिवे घ्यायला लावले होते. दिवा मात्र वीतभर आणि त्याच्याभोवती थर्माकोल-प्लॅस्टिकचे बोचके हातभर. शिवाय काही काळाने आतली बॅटरी दम सोडी, मग नवी घ्यावी लागे. जुनीचे काय करायचे, असे कोणी विचारले की खार म्हणे, "द्या इकडे." आणि तो सगळा पसारा ती जांभळाच्या बुंध्याशी नेमाने पुरून टाकी.

एका उन्हाळ्यात जांभळाची पाने अवेळी पिवळी पडली. फांद्या वाळू लागल्या. खारीने मुळाशी उकरून पाहिले. बॅटऱ्या फुटून त्यांतले आंबट, उग्र पाणी मातीत झिरपले होते, आणि थर्माकोल जसाच्या तसा पांढराफटक पडला होता. तिच्या पिलांचे घर तिच्याच नेमामुळे मरत होते.

"दिवेच नकोत मग," ससा म्हणाला. "अंधार बरा."

"आणि साप?" खार म्हणाली. "दिवा चांगलाच आहे रे. चुकलं ते माझं पुरणं."

पुढच्या खेपेला कोल्हा आला तेव्हा खार वाटेत आडवी बसली होती. "कोल्होबा, जुन्या बॅटऱ्या परत घेऊन जा."

"खारूताई, मी लग्न लावून दिलं. आता संसार तुमचा."

"संसार आमचाच. पण लग्नातली भांडी मांडववाला परत नेतो की नाही?"

ससा खुसखुसला. कोल्हा गुरकावला, "एवढं ओझं वाहायचं कोणी?"

खार गाढवाकडे वळली. "दादा, घाट चढताना तुझ्या पाठीवर काय असतं?"

"दिवे. पार वाकतो मी."

"आणि उतरताना?"

"उतरताना काही नाही," गाढव म्हणाले. "कधी कधी मालक बसतात."

सगळे जंगल हसले. कोल्ह्याला ते झोंबले. "नको असतील दिवे तर राहू द्या. सापाला माझा नमस्कार सांगा," असे म्हणून तो भरल्या मालानिशी उतरून गेला.

दिवस कठीण आले. एकेक दिवा विझत गेला. पण नवा कोणी घेतला नाही. पाळ्या लावून सगळ्यांनी एकमेकांच्या पिलांची राखण केली, वानरांनी फांदीवरून, साळिंदरांनी बुंध्याशी. एकदा साप आलाही. साळिंदराने काटे फुलवले तसा निघून गेला. कोल्हा पुन्हा आला आणि पुन्हा भरल्या मालानिशी परतला. त्यानंतरच्या खेपेला मात्र तो खारीसमोर येऊन बसला.

"सांगा बाई, काय म्हणणं आहे तुमचं?"

"जुनी बॅटरी उचल, मगच नवी दे. आणि ते थर्माकोल बंद. आमच्या सुगरणी गवताच्या पिशव्या विणून देतील. त्यांतून दिवे आणायचे, त्याच पिशव्या पुन्हा न्यायच्या."

कोल्ह्याने कान खाजवला. माकडे जुन्या बॅटऱ्यांतले शिसे कधीपासून मागत होती. त्यालाच ओझे नको होते. "बरं," तो म्हणाला. "पण मी आता बसायचं कुठे?"

"चालायचं," गाढव म्हणाले.

मग काय विचारता! रानडुकरांनी मुळांशी बेताने उकरले, वानरांनी हातांना पाने गुंडाळून बॅटऱ्या उचलल्या, बिघडलेली मातीसुद्धा पोत्यात भरली आणि तिथे ओढ्याकाठची ताजी माती घातली. गाढव लादलेल्या पाठीने घाट उतरू लागले, पुढे कोल्हा पायी, मागे वेशीपर्यंत सगळे जंगल नाचत. खाली माकडांनी ते शिसे वितळवून त्याच्या नव्या बॅटऱ्या घडवल्या. पावसाळा सरता सरता जांभळाला तांबूस पालवी फुटली, आणि प्रत्येक ढोलीच्या तोंडाशी पुन्हा दिवा उजळला.

ही बातमी पलीकडच्या डोंगरावर गेली. तिथे कोल्हा पोचला तेव्हा हरणांचा कळपच वाट अडवून उभा होता. "आधी जुनं उचल, मग नवं दाखव," हरणी म्हणाली. कोल्ह्याने रिकामे पोते काढले आणि स्वतःच त्याचे तोंड उघडून धरले.

तात्पर्य : चांगली वस्तू घरात आणली म्हणजे काम संपत नाही, तिचा शेवट नीट लावणे हे देणाऱ्याचेही काम आहे आणि घेणाऱ्याचेही.