साठातले पंधरा

एकदा एका बाजारपेठेच्या गावी एक व्यापारी राहत होता. शिंप्यांना लागणारे सगळे सामान त्याच्या दुकानात मिळे: बटणे, दोऱ्याची रिळे, चेन, अस्तराचे कापड. आसपासच्या खेड्यांतल्या शिंप्यांना माल पोचवायला तो स्वतः कार घेऊन जाई. कालव्याच्या कडेने जाणारा सत्तरेक किलोमीटरचा सपाट फेरा होता आणि त्यात कार पाच लिटर पेट्रोल पिऊन टाकी. चार टायर, सर्व्हिसिंग, विमा हे वर निराळेच. एके दिवशी व्यापाऱ्याने सहज आरशातून मागे पाहिले. मागच्या सीटवर बटणांची एक पिशवी होती. बाकी कार रिकामी होती.

घरी त्याच्या मुलाची मोटरसायकल उभी होती. मुलगा शिकायला परगावी गेला होता. तिच्यावरून माल पोचवायला भरवशाचा माणूस हवा, म्हणून व्यापारी गावातल्या एका वृद्ध पखवाजवादकाकडे गेला. त्यांना सगळे बुवा म्हणत. बुवांजवळ एक शिष्य होता. तो लांबच्या खेड्यातून विद्येसाठी आला होता आणि पोटासाठी काम शोधत होता. काम मिळाले तर तो गावात राहू शकणार होता. न मिळाले तर पखवाजाला नमस्कार करून घरी परतणार होता. बुवांनी त्यालाच पुढे केले.

किल्ली देताना व्यापारी म्हणाला, "हे बघ पोरा, गाडी माझ्या मुलाची आहे. त्याच्या हातात तिनं साठच्या खाली अॅव्हरेज कधी दिला नाही. ओरखडा उठला तर पगारातून. कुणाला धडकलास तर तेही पगारातून. आणि मला सगळं कळतं, एवढं लक्षात ठेव."

"हो शेठ," शिष्य म्हणाला. किल्ली हातात आली, तरी तिचे दुसरे टोक व्यापाऱ्याच्याच मुठीत आहे असे त्याला वाटत राहिले. तो फार जपून गाडी चालवू लागला. रस्त्यात कुत्रे दिसण्याआधीच तो कुत्र्यासाठी तयार असे.

पहिला आठवडा संपला. व्यापाऱ्याने स्वतः पंपावर येऊन टाकी पुन्हा तोंडोतोंड भरली, मनाशी हिशेब केला आणि शिष्याकडे पाहिले.

"पंचेचाळीस."

शिष्याला काही कळले नाही.

"लिटरला पंचेचाळीस पडले. साठातले पंधरा कुठे गेले?"

"मला नाही माहीत शेठ. मी कुठं वळलोही नाही."

"वळलास असं मी कुठं म्हटलं? मी फक्त विचारलं. पेट्रोलला काही पाय नसतात." मग पंपावरच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या आवाजात तो म्हणाला, "बाटल्यांना मात्र बुचं असतात."

शिष्याचे कान तापले. कारपेक्षा मोटरसायकल तिपटीने कमी पेट्रोल खात होती, पण त्याबद्दल व्यापारी चकार शब्द बोलला नाही. वाचलेले त्याला दिसत नव्हते. जे वाचायला हवे होते तेवढेच दिसत होते.

दुसऱ्या आठवड्यातही पंचेचाळीस पडले. एका सकाळी शिष्य दुकानात आला तेव्हा देवाच्या कोनाड्यात उदबत्त्यांच्या पुड्याशेजारी त्याला एक लांब काडी दिसली. तिला मधेच नखाची खूण होती. त्याने ती हुंगली. पेट्रोलचा वास आला. आधी त्याला अर्थ लागेना. मग एकदम त्याच्या मनात आले की रात्री गाडी व्यापाऱ्याच्या घरी असते आणि किल्ली व्यापाऱ्याच्या खिळ्याला असते. टाकी उघडायला दुसऱ्या कोणाला वाव आहे? शेठ स्वतःच पेट्रोल काढून घेत असेल आणि वर तोटा दाखवून पगार कापायला निमित्त शोधत असेल.

एकदा हे मनात आले आणि मग सगळेच त्यात बसू लागले. व्यापारी हसला तरी त्यात काही तरी दिसे आणि गप्प राहिला तर त्याहून जास्त दिसे. त्या संध्याकाळी शिष्याने नमुन्याच्या रिळातला काळा दोरा काढला आणि काळ्या टाकीच्या झाकणावर असा बारीक बांधला, की झाकण उघडल्यावाचून तो तुटणार नाही.

सकाळी दोरा तुटलेला होता.

त्याने पुन्हा बांधला. पुन्हा तुटला. तुटलेले तुकडे त्याने खिशात जपून ठेवले आणि त्या संध्याकाळी तो बुवांकडे गेला.

बुवा पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मळत होते. शेजारी पाण्याचा तांब्या होता. शिष्याने सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाला, "उद्या किल्ली देऊन टाकतो बुवा. पेट्रोलचोर म्हणून इथं राहण्यापेक्षा गावी गेलेलं बरं."

"दे," बुवा म्हणाले. "पण उद्याची फेरी पुरी करून ये आणि माझ्यासमोर दे. आता वाजव."

शिष्याने थाप मारली. ती बसली, पण घुमली नाही. कोणी ओल्या पोत्यावर हात मारावा तशी जागीच विझली.

"हात उचल."

"उचलतोय बुवा."

"तुला वाटतंय." बुवांची नजर त्याच्या पंजावर होती. "दोन-तीन आठवडे झाले, तुझा हात कातड्यावरून निघत नाही. पूर्वी असं नव्हतं. पुन्हा मार."

पुन्हा तेच झाले. बुवा पुन्हा कणीक मळू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य दुकानाशी पोचला, तर पायरीवर बुवा बसलेले. शेजारी व्यापारी. दोघांच्या हातात चहाचे कप. शिष्याला पाहताच बोलणे थांबले. शिष्याने मान खाली घालून पिशवी बांधली आणि निघाला. गाव मागे पडले तेव्हा त्याने आरशात पाहिले. व्यापाऱ्याची पांढरी कार मागून येत होती.

तो हळू झाला, तर कारही हळू झाली. पहिल्या खेड्यात तो थांबला, तर कार वडाखाली थांबली. शिंपी मशीनवरून उठून बाहेर आला, बटणे घेतली, कारकडे पाहिले आणि म्हणाला, "आज बटणांना बंदोबस्त आहे वाटतं. हिऱ्याची आणलीस काय?"

शिष्य हसला नाही. त्याला सकाळची पायरी आठवत होती. व्यापाऱ्याने संशय घ्यावा, हे एक वेळ समजत होते. पण बुवांनी? आपण मनातले सांगितले आणि यांनी ते चहाबरोबर तिथे नेऊन ठेवले. मग आता कोणावर विश्वास ठेवायचा? सबंध फेऱ्यात त्याचा एक डोळा आरशात होता. संध्याकाळी तो परत आला तेव्हा त्याचा उजवा पाय पोटरीपासून भरून आला होता, पण तिकडे त्याचे लक्ष नव्हते.

बुवा त्याच पायरीवर बसलेले होते. जवळ तोच तांब्या होता. पाठोपाठ कार येऊन थांबली.

शिष्याने किल्ली काढून व्यापाऱ्यासमोर धरली. "ही घ्या शेठ. पण जाण्याआधी एक विचारतो. तुम्ही रोज रात्री टाकी कशाला उघडता?" त्याने खिशातले दोऱ्याचे तुकडे पायरीवर ठेवले. "हे मी झाकणाला बांधत होतो. रोज तुटतात."

व्यापारी दोऱ्यांकडे पाहतच राहिला. "माझ्या दुकानातला दोरा? माझ्यावरच?"

"पेट्रोल तुम्हीच काढता."

"मी काढतो? अरे, मी मोजतो. संध्याकाळी तू गेल्यावर एकदा आणि सकाळी तू यायच्या आधी एकदा." त्याने आत जाऊन कोनाड्यातली काडी आणली आणि दोऱ्यांशेजारी टाकली. "माझंच पेट्रोल मी चोरून काय करू? पिऊ?"

काडी आणि दोरे पायरीवर एकमेकांशेजारी पडले होते. एकाने मोजण्यासाठी झाकण उघडले म्हणून दुसऱ्याचा दोरा तुटला होता. दोघांकडेही पुरावा होता आणि तो दोघांनीच तयार केलेला होता. शिष्याला हे समजले, पण त्यामुळे पंधराचे उत्तर मिळाले नाही.

"मग आज काय पाहिलंत शेठ?" बुवांनी विचारले. "मीच म्हटलं होतं ना, स्वतःच्या डोळ्यांनी बघून या म्हणून."

शिष्याने झटकन बुवांकडे पाहिले. म्हणजे ते खरे होते.

व्यापारी नाइलाजाने म्हणाला, "तसं काही दिसलं नाही. कुठं वळला नाही, कुणाला बाटली दिली नाही. पण बुवा, हा उधळ्या आहे. मागचा लाल दिवा दिवसभर पेटलेला होता. भर उन्हात. बॅटरी काय फुकट येते?"

बुवा तांब्या घेऊन उठले. त्यांनी ओंजळभर पाणी मोटरसायकलच्या पुढच्या चाकाच्या मध्यावर सोडले. पाणी ओघळून धुळीत गेले. मग ते मागच्या चाकाशी वाकले आणि तसेच पाणी सोडले. चर्रकन आवाज झाला आणि वाफ निघाली.

व्यापारी दोन पावले मागे सरला. "उतारावर ब्रेक दाबून तापलं असेल."

"कालव्याच्या रस्त्याला उतार कुठं आहे?" बुवा शिष्याकडे वळले. "बस गाडीवर. सुरू करू नकोस. नुसता बस, रोज चालवतोस तसा."

शिष्य बसला. हात मुठींवर गेले. पुढे काय करायचे म्हणून त्याने बुवांकडे पाहिले; बुवा खाली पाहत होते. त्यानेही खाली पाहिले. त्याचा उजवा पाय ब्रेकवर होता. तो त्याने तिथे ठेवला नव्हता. तो तिथेच राहत होता.

"सापडले पंधरा," बुवा म्हणाले.

व्यापाऱ्याचा चेहरा उजळला. "बघा. म्हणजे चूक याचीच."

"पाय याचा आहे शेठ. पण तो तिथं नेऊन कोणी ठेवला? मला यंत्रातलं काही कळत नाही. काल याचा हात कातड्यावरून निघेना तेव्हा एवढं कळलं, की हा मुलगा कुठं तरी दबून राहतोय, आणि जो हाताने दबतो तो पायानेही दबत असणार. नाद घुमायचा तर थाप मारून हात उचलावा लागतो. तुम्ही याला गाडी दिलीत, पण आपला हात उचलला नाहीत. मग यानं पाय उचलला नाही. इंजिन पुढं ओढत होतं, ब्रेक मागं ओढत होता, आणि पेट्रोल त्या दोघांच्या भांडणात जळत होतं. दिवसभर तो ब्रेकचा लाल दिवा तुम्हाला हेच सांगत होता, पण तुम्ही चोर बघायला गेला होता, म्हणून दिवा दिसूनही उत्तर दिसलं नाही. आणि आज रोजच्या जेमतेम अर्ध्या लिटरचा माग काढायला तुमची कार किती प्यायली?"

व्यापारी कारकडे पाहत राहिला. फेरा तोच होता. पाच लिटर गेले होते.

शिष्याला हायसे वाटू लागले होते. तेवढ्यात बुवा त्याला म्हणाले, "तू सुटलास असं समजू नकोस. तुझा पाय भीतीनं गेला, हे खरं. पण दोरा तू काय भीतीनं बांधलास? आणि आज दिवसभर मला मनात काय काय म्हणालास, ते मला विचारायचं नाही."

शिष्याने मान खाली घातली. किल्ली अजून त्याच्या हातात होती. ती पुन्हा पुढे करावी की नाही, हे त्याला ठरवता येईना. नोकरी जाण्याचे भय आता तितके राहिले नव्हते. आपण राहण्याच्या लायकीचे आहोत का, हा प्रश्न नवा होता.

व्यापाऱ्याने ती काडी उचलली, मधोमध मोडली आणि गटारात टाकली. "नाही तरी उदबत्त्यांजवळ ठेवायची वस्तू नव्हती ती," तो पुटपुटला. "एक दिवस देवासकट दुकान पेटलं असतं." मग शिष्याकडे न पाहता म्हणाला, "उद्या लवकर ये. अस्तराचे दोन तागे जास्त आहेत."

"किल्ली?"

"तुझ्याकडेच राहू दे. आणि गाडीही रात्री घेऊन जा. मला झोप लागायला हवी."

पुढचे काही दिवस शिष्याला पाय उचलून ठेवणे फार जड गेले. समोर बैलगाडी आली, मागे हॉर्न वाजला, की पाय आपोआप ब्रेकवर जाऊन बसे, आणि बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात येई. मग तो स्वतःशीच पुटपुटे, "हात उचल." आठवडा संपल्यावर टाकी भरायला व्यापारी पंपावर आला नाही. शिष्यानेच दुकानात जाऊन सांगितले, "शेठ, छप्पन्न पडले."

"मग चार कुठे..." व्यापारी बोलता बोलता थांबला. त्याने बटणांच्या डब्यात हात घातला, उगाच काही तरी शोधले आणि हसू लागला. शिष्यही हसला.

त्या संध्याकाळी पहिल्याच थापेला पखवाज घुमला. बुवा कणीक मळत होते. त्यांनी वर पाहिले नाही, फक्त मळणारी बोटे क्षणभर थांबली.

आपण ज्याच्या हाती काही सोपवले आहे, तो हळू का चालतो असे वाटले, तर आधी आपलाच पाय त्याच्या ब्रेकवर नाही ना ते पाहावे.